२५ एच७ बोअरचा (२५ मिमी व्यासाचं, एच७ टॉलरन्समधलं भोक) प्रत्येक नग सीएमएमवर (प्रोबने अचूक मापं घेणारं मशीन) तपासायलाच हवा का?

नाही, नाशिकच्या अंबडमधल्या तुमच्या छोट्या मशीन शॉपला प्रत्येक नगामागे बाहेर सीएमएमचे पैसे मोजायची गरज नाही. सेटिंगनंतरचा आणि इन्सर्ट (टूलची बदलायची कटिंग टिप) बदलल्यानंतरचा पहिला नग तेवढा पाठवा. बाकीचे मशीनशेजारीच गो-नो गो प्लग गेज (एक टोक भोकात जायला हवं, दुसरं जायला नको) आणि बोअर डायल गेजवर तपासा. सातपूरला क्वालिटीत माझं रोजचं काम हेच आहे. २५ एच७ ची टॉलरन्स जेमतेम २१ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग), म्हणून २० मायक्रॉन लीस्ट काउंटचा (म्हणजे त्याहून बारीक माप न दाखवणारा) व्हर्नियर इथे हातात घेऊच नका, १ मायक्रॉनचा डायल घ्या. दर दहाव्या नगाचं माप तक्त्यावर मांडा. इन्सर्ट झिजतो तसा बोअर लहान होत जातो; ठिपके खाली सरकताना दिसले की लगेच मशीनमध्ये ऑफसेट (टूलच्या जागेची दुरुस्ती) द्या. खरा पैसा तिथे वाचतो. आणि कूलंटमधून काढलेला गरम जॉब लगेच मोजू नका, सेटिंग रिंगशेजारी (डायल शून्यावर लावायची नेमक्या मापाची रिंग) ठेवून दोन्ही एका तापमानाला येऊ द्या: १०० मिमी स्टील १५ अंशांनी तापलं तर सुमारे १७ मायक्रॉन वाढतं. मात्र ग्राहकाच्या कंट्रोल प्लॅनमध्ये (काय, किती तपासायचं हे ठरवणारा कागद) १०० टक्के तपासणी लिहिली असेल, तर प्रत्येक नग तपासायचाच.