गच्चीवरचं सामाईक मशीन

सोसायटीत मिळून एक वॉशिंग मशीन घेतलेल्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात. म्हणून एकदाच उत्तरं देतो.

केळीचा चीक लागलेले कपडे सामाईक मशीनमध्ये टाकावेत का? (रावेर)
नाही. चीक ओला असतानाच साध्या पाण्यात वेगळे खळबळून घ्या. वाळून काळा पडला की कुठलंही मशीन तो डाग काढत नाही.

दुप्पट पावडर टाकली तर कपडे जास्त निघतात ना? (अमळनेर)
फेस जास्त निघतो. डब्यावरचं माप पाळा.

मशीनला ओला हात लागला की झिणझिण्या येतात. मेकॅनिक म्हणतो, नव्या मशीनला असं होतंच, रबरी चप्पल घाला. एमसीबी तर आहे. (जळगाव)
ताई, आधी मुख्य स्विच पाडा, मग पुढचं वाचा. ‘होतंच’ म्हणणाऱ्या मेकॅनिकला परत बोलावू नका.

एमसीबी तारा जळू नयेत म्हणून असतो, तुमच्यासाठी नाही. 16 अँपियरचा एमसीबी जेवढ्याला पडतो, त्याच्या पाचशेव्या भागाएवढा करंटही जिवावर बेतू शकतो. माणसासाठी लागतो तो 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळू लागला की लाइन तोडणारा खटका. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. खटका पडला नाही तर तो नुसता शोभेचा.

दुसरं अर्थिंग, म्हणजे गळलेला करंट खड्ड्यात पुरलेल्या सळईतून जमिनीत नेणारी तार. आपल्याकडची काळी माती मे महिन्यात भेगाळते आणि खड्ड्यातल्या सळईला सोडून बसते. गेल्या उन्हाळ्यात एका सोसायटीत खड्ड्याचं झाकण शोधायला चार मोटारसायकली हलवाव्या लागल्या. आत गुटख्याच्या पुड्या होत्या, अन् सळईवरचा नट बोटानं फिरत होता! पाचव्या मजल्यावर बायका रोज कपडे धूत होत्या. खड्ड्यात पाणी ओतत राहा, पण तेवढ्यावर भागत नाही. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थ टेस्टरनं मोजून घ्या, आकडा लिहून मागा. प्लगची तिसरी पिन कुणी कापलेली नाही ना, तेही बघायला सांगा.

बोअरचं पाणी जड आहे. नळीला लावायचं चुंबक विकायला आलेत, घ्यावं का? (धुळे)
चुंबकानं पाण्यातले क्षार जात नाहीत. हीटरवर पांढरा थर धरतो तो कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. रेझिनचा सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र, चालतो, पण त्यात वेळोवेळी मीठ भरावं लागतं. हे विकणारा सांगत नाही. आधी पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. आकडा हातात आल्यावरच कोणाशी बोला.

मशीन जिन्याच्या दिव्यांच्या मीटरवर आहे. दोन घरं पैसे देत नाहीत. सभा दिवाळीनंतर आहे. (भुसावळ)
वाटणी सर्वसाधारण सभेत ठरवा, त्याआधी उपविधी वाचा आणि तुमच्या लेखापरीक्षकांना विचारा. त्या मीटरला एवढा भार मंजूर आहे का, हे मात्र महावितरणच्या कार्यालयात याच आठवड्यात विचारा. पाणी तापवणारं मशीन एकटं दोन हजार वॅटपर्यंत ओढतं, आणि जिन्याची वायरिंग दिव्यांच्या हिशेबानं टाकलेली असते. पैशांचं भांडण दिवाळीपर्यंत थांबेल, वायर थांबणार नाही.