संकल्पना थीममधून काढू नका, फरशीपासून सुरू करा

तुम्ही विचारलंय, दिवाणखाना एकसंध दिसावा म्हणून आधी थीम ठरवावी, रंग ठरवावा की फर्निचर. माझं उत्तर: यातलं काहीच नाही. आधी खाली बघा, फरशी कोणत्या रंगाची आहे. मग खिडकी कोणत्या दिशेला आहे ते बघा. खोलीत जे बदलता येणार नाही, त्यावरूनच संकल्पना ठरते.

इतक्या ठामपणे सांगते, कारण याच मुद्द्यावरून माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा आठ वर्षं वाद चालू आहे.

आमचा दिवाणखाना 10 बाय 14 फुटांचा. खिडकी एकच, तीही पश्चिमेला, आणि खाली विटकरी रंगाची जुनी फरशी. दादाचं म्हणणं होतं, "आधी थीम पक्की कर. त्यात न बसणारं सगळं बाहेर काढ." त्याने आणलेल्या डेकोरेटरने दोन दिवसांत थ्रीडी चित्र पाठवलं. फिकट राखाडी भिंती, पांढरं फर्निचर, काळ्या बारीक दांड्यांचे दिवे. चित्र देखणं होतं, ते मी नाकारत नाही. पण त्यात फरशी फिकट लाकडाची होती, आणि ऊन ज्या बाजूने येत होतं तिथे आमच्याकडे भिंत आहे. मी हे तेव्हाच बोलले. दादा म्हणाला, "अगं, कल्पना बघ, तपशील काय धरून बसलीस!"

रंग लागला आणि भिंती निळसर दिसायला लागल्या. शेडकार्डवर राखाडी, भिंतीवर निळं. दादाने सरळ रंगाऱ्यावर ठपका ठेवला की याने शेड चुकीची मिसळून आणली. रंगारी पुन्हा पुन्हा डब्यावरचा नंबर दाखवत होता, आणि नंबर बरोबर होता. तरी त्याच्याकडून आणखी दोन हात मारून घेतले आणि त्या दोन हातांचे पैसे दिले नाहीत. भिंत होती तशीच राहिली. मी तेव्हा गप्प बसले, ते मला आजही टोचतं.

उलगडा झाला तो डब्यात उरलेल्या रंगामुळे. एका पुठ्ठ्यावर तो रंग लावला आणि पुठ्ठा घरभर फिरवला. आतल्या खोलीत फरशी पांढरट आहे, तिथे रंग स्वच्छ राखाडी. दिवाणखान्यात विटकरी फरशीला टेकवून उभा केला की तोच निळसर. रात्री 6500 केल्विनच्या, म्हणजे निळसर झाक असलेल्या पांढऱ्या उजेडाच्या ट्यूबखाली तर आणखीच. रंग चुकला नव्हताच, त्याला शेजार चुकीचा मिळाला होता.

मिशेल युजीन शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची गोष्ट पुढे माझ्या वाचनात आली, तेव्हा मला तो रंगारीच डोळ्यांसमोर दिसला. पॅरिसच्या गोब्लाँ विणकामशाळेत रंगाईचं काम शेव्रलच्या हाताखाली चाले. तिथे तक्रार आली की निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांसाठी दिलेली काळी लोकर फिकी पडते. त्याने ती दुसरीकडच्या काळ्या लोकरीशी ताडून पाहिली. रंगाईत खोट नव्हती, शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे काळा कमजोर दिसत होता. 1839 मध्ये त्याने हा नियम सविस्तर छापला: दोन रंग शेजारी आले की डोळा प्रत्येकावर दुसऱ्याच्या विरोधी रंगाची छटा चढवतो. विटकरीचा विरोधी रंग निळसर. आमची भिंत हेच सांगत होती, आणि आम्ही माणसाला दोष देत होतो.

मग मी थीम बाजूला ठेवली. दोन बाय दोन फुटांचे पाच पुठ्ठे रंगवले, भिंतीला टेकवले आणि आठवडाभर तसेच राहू दिले. सकाळी पाहिले, चारच्या उन्हात पाहिले, रात्री दिव्याखाली पाहिले. नखाएवढ्या शेडवरून भिंतीचा निर्णय घेणं मला आता बेजबाबदारपणा वाटतो. शेवटी पिवळसर झाक असलेला पांढरा टिकला. ट्यूब काढून 3000 केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे दिवे लावले, एक छताला आणि दोन बसायच्या जागेजवळ. जुनं लाकडी कपाट ठेवलं, कारण त्याचा तपकिरी रंग फरशीच्याच घराण्यातला. मग फरशीचा विटकरी तीन उंचींवर आणला: उशांच्या अभ्र्यांवर, पडद्याच्या काठाला आणि भिंतीवरच्या एका चित्रात. खालचा रंग वर चढला आणि खोली एकत्र आली.

दादा म्हणाला, "याला संकल्पना म्हणत नाहीत, जे होतं ते तू सांभाळून घेतलंस." त्याच्या घरी सोफा, पडदे, गालिचा असा सगळा संच जुळवून घेतलेला आहे. दुकानात तो तंतोतंत जुळत होता, घरी पडदे हिरवट दिसतात. दोन वेगळे रंगद्रव्यांचे मेळ एका प्रकाशात सारखे आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसू शकतात, याला मेटॅमेरिझम म्हणतात. म्हणून कापडाचा तुकडा घरी आणूनच बघा. आणि जुळणं वेगळं, एकसंध असणं वेगळं. संच विकत मिळतो. एकसंधपणा त्या खोलीत बसून, तिचा उजेड बघूनच येतो.

तुमच्या फर्निचरच्या प्रश्नाबद्दल: सोफा आणि टीपॉय यांत 16 ते 18 इंच ठेवा, जायच्या-यायच्या वाटेला 3 फूट. खरेदीआधी जमिनीवर खडूने आखून दोन दिवस त्यातून वावरा. पडद्याचं कापड खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट तरी हवं. विजेचे पॉइंट मात्र रंगाच्या आधी ठरवा. बाकी तपशील तुम्हाला सुतार माझ्यापेक्षा चांगला सांगेल.

हेही सांगायला हवं की खोली पूर्ण नवी असेल, फरशीसुद्धा तुम्हीच निवडणार असाल, तर दादाची पद्धत चालते, कारण तेव्हा थीममध्ये फरशीही धरता येते. भाड्याच्या घरात भिंतीला हात लावता येत नसेल तर भिंतही "न बदलणारी" धरा आणि मोठ्या गालिच्याने फरशी झाका. अंधाऱ्या खोलीला नुसता पांढरा फासून उजेड येत नाही, पांढरा मळकट राखाडी दिसतो, तिथे आधी दिवे वाढवा.

आणि दादा, तू इथली उत्तरं वाचतोस हे मला माहीत आहे. त्या दोन हातांचे पैसे मी पुढच्या वर्षी रंगाऱ्याला शोधून दिले, आणि त्याची शेड बरोबर होती हेही सांगितलं. तो म्हणाला, "ताई, मी डबा दाखवला होता."