वाचकांचे प्रश्न : बधिरांध मुलांचे मदतनीस आणि प्रमाणपत्र

प्रश्न : पुण्यात एका विशेष शाळेत मी मदतनीस आहे. माझ्याकडे सहा वर्षांची एक मुलगी असते. तिला दिसत नाही, ऐकूही येत नाही. शाळा आता सर्टिफिकेट मागते. ‘आरसीआय मान्यताप्राप्त, बधिरांध साहाय्यक, १५ दिवस, ऑनलाइन’ अशी एक जाहिरात आली आहे. करू का? अमेरिकेत म्हणे याचं वेगळं प्रमाणपत्र असतं.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : लगेच पैसे भरू नका. भारतीय पुनर्वसन परिषदेची (आरसीआय) नोंदणी मिळवून देणारे कोर्स महिन्यांचे नाहीतर वर्षांचे असतात. अशा जाहिरातींमागे बहुतेकदा ‘सीआरई’ची (निरंतर पुनर्वसन शिक्षणाची) कार्यशाळा असते. तिचे गुण आधीच नोंदणी असलेल्यांना नूतनीकरणासाठी लागतात. तुमची नोंदणीच नसेल तर ते जमा कशात होणार? शिकायला जायचं तर खुशाल जा, पण तो कागद शाळेला चालेल असं धरून चालू नका.

मग काय करायचं? दोन वाटा आहेत. मदतनीस म्हणूनच राहायचं असेल तर आरसीआयचा काळजीवाहकांचा सर्टिफिकेट कोर्स किंवा २०२१मध्ये सुरू झालेला सहा महिन्यांचा सीबीआयडी (समुदायाधारित सर्वसमावेशक विकास) कोर्स बघा. दोन्ही सर्वसाधारण आहेत, खास बधिरांधत्वाचे नाहीत. पुढे शिकवायचं असेल तर बारावीनंतरचा दोन वर्षांचा विशेष शिक्षण डिप्लोमा, बहुविकलांगता शाखेचा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात बधिरांधत्व बहुविकलांगतेतच धरलं आहे. विशेष शिक्षकाचं काम नोंदणीशिवाय करणं १९९२च्या आरसीआय कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा ‘तूच वर्ग घे’ म्हणणाऱ्या शाळेला स्पष्ट नाही म्हणा.

प्रवेशाआधी आरसीआयच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचं नाव, नेमका कोर्स आणि नेमकं शैक्षणिक वर्ष, तिन्ही जुळतात का पाहा. मान्यता ठरावीक वर्षांपुरती असते. ती संपल्यावरही प्रवेश देणारे भेटतात, आणि भुर्दंड विद्यार्थ्याला. ‘आरसीआयच्या निकषांनुसार’ असं लिहिलेलं पत्रक म्हणजे मान्यता नव्हे.

अमेरिकेत या कामाला ‘इंटरव्हेनर’ म्हणतात. तिथे प्रमाणपत्राची एक वाट पोर्टफोलिओची आहे : ठरवलेली एकेक क्षमता आपल्याला येते याचे कामातले पुरावे जमवून द्यायचे. ते इथल्या नोंदणीऐवजी चालणार नाही. पद्धत मात्र उचलण्यासारखी आहे. पालकांच्या लेखी संमतीनं, महिन्यातून एकदा, एकाच कामाची (जेवण, हात धुणं) पाच मिनिटांची चित्रफीत घ्या. सोबत तारीख, तुम्ही दिलेली खूण, मुलीनं काय केलं, एवढंच लिहा. ‘छान प्रतिसाद दिला’ हे वाक्य कुणाच्याच उपयोगाचं नाही. ‘चमचा हातात दिल्यावर टेबलाकडे वळली’ असं लिहा.

प्रश्न : काही शिकवायला गेलं की मूल हात झटकतं. हट्टी आहे का?
— एक मदतनीस, हडपसर

उत्तर : बहुधा नाही. तुम्ही त्याचा हात वरून धरून ओढत असाल. ज्याला हातानंच जग कळतं, त्याचे हात असे पकडले की त्याचं ‘बोलणं’ही थांबतं. तुमचा हात खाली ठेवा, त्याची बोटं वर येऊ द्या. काम तुमचा हात करील, तो सोबत येईल आणि नको वाटलं तर हात काढून घेईल. ती मोकळीक असली की झटकणं कमी होतं.

येताना आधी खांद्यावर किंवा हाताच्या पाठीवर हलका, स्थिर स्पर्श करा. मग आपली ओळखखूण चाचपू द्या : रोज तेच कडं, तेच घड्याळ. सणावाराला बांगड्या बदलल्यात तर नेहमीचं कडं तेवढं असू द्या. त्यानंतर कामाची वस्तू हातात द्यायची, जेवणासाठी त्याचाच चमचा, अंघोळीसाठी त्याचाच तांब्या. प्लास्टिकचा खेळण्यातला चमचा नको. हाताला तो चमचा वाटतच नाही. खूण दिल्यावर थांबा, मनात दहापर्यंत मोजा. प्रतिसाद यायच्या आतच दुसरी खूण देणं, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. काम संपलं की वस्तू त्याच्याच हातानं ‘संपलं’च्या टोपलीत टाकायची. सोडून जाताना स्पर्शानं सांगून जा. न सांगता गेलात तर तुम्ही उठलात हे त्याला कळणारच नाही.