इंग्रजीतल्या ‘पुट ऑफ’, ‘पुट आउट’ अशा जोड्या मुलीला कशा शिकवाव्यात?

मुलगी निपाणीत दहावीला आहे म्हणता, तर याद्या पाठ करून घेऊ नका. एका वेळी एकच क्रियापद घ्या आणि तिच्या रोजच्या वाक्यांत बसवा. खानापूरच्या पावसामुळे मॅच पुढे ढकलली: ‘पुट ऑफ’. शेकोटी विझवली: ‘पुट आउट’. बेळगावात पाहुण्यांना रात्री ठेवून घेतलं: ‘पुट अप’. त्यालाच ‘विथ’ जोडलं की अर्थ पार बदलतो, ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे.

मुलं खरी अडखळतात ती सर्वनामापाशी, आणि हे शाळेत फारसं कुणी समजावत नाही. ‘पुट ऑफ द मॅच’ आणि ‘पुट द मॅच ऑफ’, दोन्ही बरोबर. पण ‘इट’ आलं की ते मध्येच हवं: ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ चूक. ‘पुट अप विथ’ मात्र फुटत नाही, तिथे ‘इट’ शेवटीच येतं. ‘लुक आफ्टर’ म्हणजे काळजी घेणे, त्याचंही तसंच.

सराव तोंडी घ्या, मोठ्याने. घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या आपल्या मुलांचा कान तयार असतो, त्याचा उपयोग करा.