दगडाचे डोळे असलेला प्राणी खरंच आहे का?

आहे. मात्र ‘दगडाचे डोळे’ हा शब्द जरा ताणलेला आहे. डोळ्यातलं भिंग तेवढं दगडाचं, मागचं दृष्टिपटल जिवंत पेशींचंच.

अकँथोप्ल्यूरा ग्रॅन्युलाटा हा कायटन, म्हणजे शंख-शिंपल्यांचा नातेवाईक. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापासून कॅरिबियन बेटांपर्यंत भरतीच्या पाण्यात भिजणाऱ्या खडकांना चिकटून राहतो. पाठीवर कौलांसारखी एकावर एक चढलेली आठ कवचं, भोवती काटेरी मांसल काठ. डोकं खाली दडलेलं आणि त्यावर एकही डोळा नाही! डोळे सगळे पाठीवर, कवचातच बसवलेले, शेकडो, प्रत्येक जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. आपल्या डोळ्यातलं भिंग प्रथिनांचं, याचं अरॅगोनाइटचं. मोत्यातही हेच खनिज असतं. लाटांनी जुने डोळे झिजतात, पण कवच वाढतं तसे कडेला नवे येत राहतात. या सोयीचा मला हेवा वाटतो, माझा चष्म्याचा नंबर दर दोन वर्षांनी वाढतोय.

आता, याला दिसतं काय? 2011 साली संशोधकांनी साधाच प्रयोग केला. कायटन निवांत असला की काठ किंचित उचलून बसतो. त्याच्यावर कधी काळ्या रंगाची चकती धरली, कधी तेवढाच उजेड कमी करणारा करडा पडदा. पडद्याला त्याने दाद दिली नाही, चकती दिसताच मात्र काठ खडकाला घट्ट दाबला. म्हणजे नुसता अंधार आणि वरून येणारी वस्तू यांतला फरक त्याला कळतो. चेहरा-बिहरा ओळखणं दूरच, पण मासा आला एवढं समजलं तरी त्याचं भागतं.

दात तर डोळ्यांहून भारी. शेवाळ खरवडायला कानशीसारखी जीभ असते, तिच्या दातांवर मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचा थर. लोहचुंबक धरलात तर दात चिकटतात.

ही जात नसली तरी कायटन कोकणातही आहेत. रत्नागिरीला कॉलेजच्या सहलीत मी एक सुरीने सोडवायला गेलो होतो. सुरी वाकली, तो हलला नाही. दुसरा बेसावध होता म्हणून निघाला, आणि हातावर खवल्या मांजरासारखं वेटोळं करून बसला. बघायचे असतील तर अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला जा, दगडांच्या सावलीकडच्या अंगाला शोधा. दगड उलटलात तर होता तसा परत ठेवा.