वजन जागचं हललं नाही, मग चालायचं कशासाठी?

या वेळच्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी आला आहे. वजन उतरत नसेल, किंवा उतरवायचंच नसेल, तर व्यायामाचा खटाटोप का करायचा? कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना हा प्रश्न मी रोज ऐकते, आणि तो मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत, नावं गाळली आहेत.

माझं वय 43. चार महिने रोज पहाटे रंकाळ्यावर पाऊण तास चालते. काट्यावर जेमतेम किलोभर फरक. घरचे म्हणतात, रंकाळा झिजला पण तू नाहीस. आता बंद करावंसं वाटतंय. पण मग वाईटही वाटतं, कारण दिवसभरात तेवढा एक तासच माझा असतो. – राजारामपुरी

ताई, बंद करू नका. आधी हिशोब सांगते, म्हणजे मनातला अपराधीपणा जाईल. पाऊण तास बऱ्यापैकी वेगानं चाललं तर साधारण दीडशे ते दोनशे कॅलरी खर्च होतात. तूप लावलेल्या दोन चपात्यांत तेवढ्या भरून निघतात. शिवाय चालून आल्यावर भूक वाढते, आणि उरलेल्या दिवसात आपण नकळत थोडं कमी हलतो. वजनाचा मोठा हिशोब ताटात होतो. नुसत्या चालण्यानं वजन फारसं उतरत नाही, यात तुमची काही कसूर नाही.

पण या चार महिन्यांत आत काय काय झालं ते काटा दाखवत नाही. नियमित चालणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, म्हणून बसल्या जागी त्याला कमी ठोके पुरतात. रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब थोडा खाली येतो. झोप गाढ लागते. हे घरीच पडताळता येतं. उद्या सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी मनगटावर बोटं ठेवून मिनिटभर नाडी मोजा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. महिन्यातून एकदा मोजत राहा. दुसरं, तिसऱ्या मजल्यावरच्या एखाद्या ओळखीच्यांकडे जिन्यानं जा आणि दारात पोचल्यावर लगेच बोलता येतं का ते बघा. चार महिन्यांपूर्वी काय व्हायचं ते तुम्हाला आठवत असेल.

आता खरं बोलायचं ते तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीबद्दल. 'तेवढा एक तासच माझा असतो' असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझ्या मते तुमचं कारण तेच आहे, आणि ते वजनापेक्षा कितीतरी दणकट आहे. वजनाचं फळ सहा महिन्यांनी मिळणार, तेही मिळालं तर. पहाटे संध्यामठाच्या बाजूला पाण्यावरचं धुकं हलताना दिसतं, कुणी 'चहा टाक' म्हणत नाही, हे फळ त्याच दिवशी हातात पडतं. इतक्या वर्षांत मी पाहिलंय, वजनासाठी आलेली माणसं काटा अडला की थांबतात. आपल्या वेळेसाठी, मैत्रिणीसाठी, झोपेसाठी येणारी पावसाळ्यातही छत्री घेऊन येतात.

काटा तीन महिने माळ्यावर ठेवून द्या. आणि चालण्यात एक भर घाला. आठवड्यातून दोन दिवस भिंतीला हात टेकून जोर आणि खुर्चीवरून उठबस, दहा-दहाचे दोन फेरे. पाळी थांबायचं वय जवळ आलं की हाडं झपाट्यानं ठिसूळ व्हायला लागतात. स्नायूंचा ताण पडला तर हाडं भक्कम राहतात, आणि नुसत्या चालण्यानं तो पुरेसा पडत नाही.

गुजरीत दागिन्यांचं दुकान आहे. सकाळी दहा ते रात्री नऊ गादीवर. वजन अगदी बरोबर आहे, मग मला काय गरज?

गरज आहेच. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुमजली बसवर काम करणारी माणसं अभ्यासली आणि 1953 मध्ये निष्कर्ष मांडले. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर वर-खाली जिने चढत. हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये जास्त. पुढे मॉरिसनी त्यांच्या गणवेशांची कमरेची मापंही तपासली. ड्रायव्हरांच्या कमरा मोठ्या होत्याच, पण बारीक कमरेच्या ड्रायव्हरलाही बारीक कमरेच्या कंडक्टरपेक्षा धोका जास्त निघाला. तुम्ही ते बारीक ड्रायव्हर आहात. अर्ध्या तासानं गादीवरून उठा, दागिना दाखवायला मुलाला न पाठवता स्वतः उठा. आणि दुपारच्या जेवणानंतर महाद्वार रोडवरून दहा मिनिटं फिरून या. जेवणानंतरच्या त्या दहा मिनिटांनी रक्तातली साखर कमी चढते, ते एकदा घरच्या साखर मोजायच्या मशीनवर बघा.

तालमीत सोळा वर्षं माती अंगाला लावली. पुढं नोकरी, संसार, मग गुडघा. आता वय 54, पोट सुटलंय, साखर लागलीय. डॉक्टर म्हणतात चाला. पण ज्यानं पाचशे बैठका मारल्यात त्याला चालणं म्हणजे मेहनत वाटत नाही. मैदानच राहिलं नाही तर मेहनत करायची कुणासाठी? – मंगळवार पेठ

पैलवान, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. चालायला कंटाळा येतो असं लिहिणारे पुष्कळ असतात. 'कुणासाठी' असं विचारणारे फार थोडे.

तालमीतल्या मुलाला कारण शोधावं लागत नाही. पहाटे वस्तादांचा आवाज असतो, समोर जोड असतो, पुढच्या मैदानाची तारीख असते. शाहू महाराजांनी 1912 मध्ये खासबागचं कुस्तीचं मैदान बांधलं तेव्हापासून या गावातल्या कितीतरी पिढ्यांनी त्या एका मातीच्या हौद्यासाठी घाम गाळला. खाशाबा जाधव इथंच राजाराम कॉलेजात शिकले आणि 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेऊन आले. त्या वातावरणात वाढलेल्या माणसाची लढत थांबली की त्याचं कारणच काढून घेतल्यासारखं होतं. मेहनत सुटते, खुराक मात्र तसाच राहतो. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या पैलवानांचं दुखणं बहुतेक वेळा इथूनच सुरू झालेलं असतं.

वय झालं म्हणून आता काय, असंही तुमच्या मनात असेल. त्यावर एक प्रयोग सांगते. 1966 मध्ये अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं. त्यांची दमाची ताकद चांगलीच घसरली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयानं जेवढं नुकसान केलं होतं, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणानं केलं होतं. आणि पन्नाशीत त्यांना सहा महिने हळूहळू व्यायाम दिला तेव्हा वयानं गेलेली दमाची ताकद परत आली. तुमची ताकद वयापेक्षा बसण्यानं जास्त नेलीय, आणि बसण्यानं नेलेलं परत आणता येतं.

साखरेचं म्हणाल तर मांडीचे आणि पाठीचे मोठे स्नायू हे साखरेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो, आणि त्यानंतर दिवस-दीड दिवस इन्सुलिनही जास्त चांगलं काम करतं. म्हणून सलग दोन दिवस खाडा करायचा नाही. चालणं हवंच, पण तुमच्यासाठी बैठक हे औषध आहे. पाचशे नाही. खुर्चीच्या पाठीला धरून अर्ध्या बैठका, दहाचे दोन फेरे. जोर जमिनीवर नको, कट्ट्यावर हात टेकून. गुडघा थोडा कुरकुरला तर खोली कमी करा, सोडू नका. मांडी भरली की गुडघ्यावरचा भार हलका होतो. सुरू करण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्या, तळपाय रोज बघा, आणि साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खिशात खडीसाखर ठेवा. छातीत दाबल्यासारखं झालं तर तिथंच थांबायचं, पैलवानकी दाखवायची नाही.

आता 'कुणासाठी'. आठवड्यातून तीन पहाटा तुमच्या जुन्या तालमीत जा. लढायला नाही. हौद्यातली माती खणायला, ती भुसभुशीत करायला, पोरांची अंगं धरायला. एका जुन्या पैलवानाला मी तसं सुचवलं होतं, आणि नंतर एकदा मुद्दाम बघायला गेले. त्यांनी उंबऱ्यापाशी चपला काढल्या, चिमूटभर माती कपाळाला लावली आणि फावडं हातात घेतलं. दहा मिनिटांत पाठ घामानं निथळत होती. एक पोरगा पट काढताना मान वर ठेवत होता. यांनी फावडं टाकून त्याच्या मानेवर हात ठेवला आणि नुसतं 'खाली' म्हणाले. नंतर मला म्हणाले, 'ताई, साखर किती झाली ते माहीत नाही, पण मला उद्या यायचंय.' साखरही नंतर उतरली. पण ते उद्या यायचं म्हणाले, तिथंच मी निश्चिंत झाले.

मुलगी 14 वर्षांची. शाळेत फुटबॉल खेळायची. एका लग्नात नातेवाइकांनी 'खेळून खेळून बारीक होईल हो' असं म्हटल्यापासून तिनं खेळणंच सोडलं. आता आम्ही रोज सोसायटीला दहा फेऱ्या मारायला लावतो, तर रडते.

फेऱ्या आजच बंद करा. कळवळून सांगते. त्या मुलीकडे खेळ होता. मोठ्यांच्या एका वाक्यानं त्याची शिक्षा झाली, आणि आता आपण ती शिक्षा रोज तिच्याकडून भोगून घेतोय. पेठापेठांत फुटबॉलसाठी जीव टाकणारं हे गाव, इथं एका मुलीनं खेळ अंगकाठीच्या बोलण्यावरून सोडावा याचं मला फार वाईट वाटतं.

चौदाव्या वर्षी पळणं-उड्या मारणं याला वजनापलीकडे मोठा अर्थ आहे. आयुष्यभर पुरायची हाडांची शिदोरी बहुतेक याच काही वर्षांत भरली जाते, आणि उड्या, धक्के, अचानक वळणं यांनी ती चांगली भरते. तिच्यासमोर तिच्या किंवा कुणाच्याही अंगाबद्दल बोलणं घरात बंद करा, स्वतःच्या पोटाबद्दलचं सुद्धा. वडिलांनी एक बॉल आणावा आणि काही न बोलता तिच्यासोबत पास द्यायला उभं राहावं. संघात परत जायचं की नाही ते ती ठरवेल. ती जेवण टाळायला लागली असेल किंवा पाळी थांबली असेल तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

पत्नी जाऊन वर्ष झालं. संध्याकाळी चार मित्रांसोबत विद्यापीठात चालतो, पण सगळा वेळ गप्पाच. याला व्यायाम म्हणायचं का?

म्हणायचं. चालता चालता बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग असला की तो मध्यम व्यायाम झाला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला असा 150 ते 300 मिनिटांचा व्यायाम सांगते. गप्पा चालू ठेवा, पाय थोडे उचला.

काका, चालण्यानं उदासी कमी व्हायला मदत होते, हे आता पुष्कळ अभ्यासांतून दिसलंय. पण एकट्या चालण्यावर सगळा भार टाकू नका. झोप, भूक गेली असेल, जगण्यात राम वाटत नसेल तर 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करा, मराठीतही बोलता येतं. आणि एखाद्या दिवशी मन नसेल तेव्हा मित्रांना फाटकापर्यंत घ्यायला बोलवा.

वय 71, वजन 44 किलो. सून म्हणते, आई व्यायाम करा. मी आता काय आणखी बारीक व्हायचंय? जन्मभर धुणी धुतली, रानात भांगलण केली. आता भजनाला खाली बसले की उठवायला दोघी लागतात. लाज वाटते म्हणून जायचं सोडलं. – कसबा बावडा

आजी, सूनबाईंचं बरोबर आहे, पण तुम्हाला बारीक करायला नव्हे. तुमच्या अंगावर मांस कमी आहे, ते वाढवायला. भांगलणीनं कमावलेली मांडी कामं सुटल्यावर ओसरली, म्हणून उठताना माणसं लागतात. आणि हे कुठल्याही वयात भरून येतं. 1990 मध्ये अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून जास्त झाली. तुम्ही तर त्यांच्यापुढे पोरसवदा आहात.

माझ्याकडे येणाऱ्या एक आजी मोजायला दोन वाट्या आणि चिंचोके घेतात. खुर्चीवरून एकदा उठून बसलं की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. पहिल्या आठवड्यात पाचच हलले, तेही खुर्चीच्या हातांना धरून. तुम्हीही तसंच करा. खुर्ची भिंतीला लावलेली असावी, शेजारी सूनबाई उभ्या असाव्यात. हात न टेकता दहा चिंचोके हलले की खुर्चीऐवजी पलंगाच्या कमी उंचीवर. मग एकावर एक तीन पाट ठेवून त्यावर. ओट्याला धरून एका पायावर दहा आकडे उभं राहणं रोज करा, तोल सावरायला लागतो. ताकद आणि तोलाचं हे काम आठवड्यातून निदान तीन दिवस हवं. जेवणात रोज वाटीभर घट्ट डाळ, दूध, चालत असेल तर अंडं. हाडांची तपासणी एकदा करून घ्या, पूर्वी पडला असाल तर आधी ती.

भजन मात्र आत्ताच सुरू करा, खुर्चीवर बसून. टाळ खुर्चीवरूनही वाजतो, आणि बाकीच्या बायका तुमच्या जागेकडे बघत असतील. तीनातला पहिला पाट काढलात की सूनबाईंकडून मला दोन ओळी लिहून पाठवा.