व्हिडिओच्या तासाला नवीन आहेस ना, मग आधी आवाज सांभाळ

कॅमेरा हातात आला की सगळे झूम करत सुटतात, तू पहिले हेडफोन लाव आणि नुसतं ऐक. वर्गातला पंखा आपल्या कानाला जाणवत नाही पण माइक तो बरोबर पकडतो, मग एडिटिंगला बसलं की मुलाखतीपेक्षा घरघरच जास्त ऐकू येते आणि ती नीट काढताही येत नाही रे. म्हणून पंखा बंद, कॉलर माइक छातीवर बटणापाशी, आयकार्डची दोरी त्याला घासत नाही ना तेवढं बघ, आणि सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ठेव, कट जोडताना जाम कामी येते.

ट्यूबलाइटखाली पट्टे हलताना दिसले तर घाबरू नको, आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, तिच्या लयीत ट्यूब लुकलुकते, तिच्याशी जुळायला शटर (एक फ्रेम किती वेळ प्रकाश घेते ते) 1/50 सेकंद ठेव, फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) 25.

आणि समोरचा बोलायचा थांबला की लगेच स्टॉप दाबायचं नाही, 5 सेकंद जाऊ दे, खरं हसू बऱ्याचदा तिथेच मिळतं. फुटेज मात्र त्याच दिवशी दोन ठिकाणी कॉपी कर, शाळेचं कार्ड आहे, पुढची बॅच ते फॉरमॅट करणारच.